बिघाडाची वर्दी आणि चोराची वाट

कोणत्याही यंत्राचा इतिहास दोन तऱ्हांनीं सांगतां येतो. तें यंत्र काय काय करूं लागलें हें सांगणें ही एक तऱ्हा. आणि तें बिघडलें असतां बिघाड कोठें आहे हें माणसाला कसें कळूं लागलें हें सांगणें ही दुसरी. पहिल्या तऱ्हेचा इतिहास जाहिरातींत वाचावयास मिळतो, दुसऱ्या तऱ्हेचा कारखान्यांत. जावा नांवाच्या संगणकभाषेंत बांधलेल्या ज्या वेब-प्रोग्रामांच्या जोरावर आपण घरबसल्या बँकेचा हिशेब पाहतों, विम्याचा हप्ता भरतों, गाडीचें तिकीट काढतों, त्यांच्याविषयीं मी आज बोलणार आहें, आणि तें या दुसऱ्या तऱ्हेनें. त्याला कारण आहे. या क्षेत्रांतील दोन मोठे अनर्थ, एक २०१७ सालचा व दुसरा २०२१ सालचा, ज्या वाटेनें आले ती वाट बिघाडाची वर्दी देण्यासाठीं केलेल्या सोयींतूनच गेली होती.

जावाचा जन्म अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत झाला. १९९१ सालीं जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी घरगुती उपकरणांसाठीं एक भाषा तयार करूं लागले. तिचें पहिलें नांव ‘ओक’. पुढें तें बदललें, आणि २३ मे १९९५ रोजीं ती ‘जावा’ या नांवानें जगापुढें आली. तिच्या आधीं बहुतेक मोठीं कामें ‘सी’ व तिच्याच कुळांतील भाषांत होत असत. सी ही भाषा मोठी चपळ; परंतु तिचा एक स्वभाव असा कीं, दहा खणांच्या कपाटांत अकरावा खण मागितला तर ती हरकत घेत नाहीं, शेजारच्या कपाटांत हात घालते. चूक होते एके ठिकाणीं आणि प्रोग्राम कोसळतो दुसऱ्याच ठिकाणीं, कित्येकदां दुसऱ्याच दिवशीं. जावानें हा स्वभाव टाकून दिला. अकरावा खण मागतांच ती काम थांबवते आणि वर्दी देते कीं, अमुक ओळीवर अमुक खण मागितला, तो अस्तित्वांत नाहीं. एवढ्यावरच ती राहत नाहीं. ही ओळ कोणाच्या हुकुमानें चालली होती, त्याला हुकूम कोणीं दिला होता, अशी थेट आरंभापर्यंतची साखळी ती छापून देते. प्रोग्रामर मंडळी हिला ‘स्टॅक ट्रेस’ म्हणतात. जुन्या दप्तरांतील कागदावर शेऱ्याखालीं शेरा असतो, आणि त्यावरून तो कागद कोणाकोणाच्या हातांतून गेला हें कळतें. त्यांतलाच हा प्रकार.

त्या काळीं वेब नुकतेंच रांगत होतें. १९९३ च्या सुमारास ‘सीजीआय’ म्हणून एक रीत निघाली होती. तिच्यांत प्रत्येक मागणीसाठीं सर्व्हर एक नवा प्रोग्राम सुरू करी, आणि उत्तर देतांच तो संपे. दर गिऱ्हाइकागणिक नवा नोकर ठेवावा आणि एक पुडी बांधून झाली कीं त्याला निरोप द्यावा, तसें हें होतें. १९९७ सालीं सन कंपनीनें ‘सर्व्हलेट’ पुढें आणलें. यांत एकच जावा-प्रोग्राम सर्व्हरमध्यें कायम जागा राहून एकाच वेळीं अनेकांना उत्तरें देऊं लागला. वेग वाढला, परंतु पानावरील प्रत्येक शब्द, प्रत्येक रेघ जावाच्या वाक्यांतून छापावी लागे. यावर उपाय म्हणून १९९९ सालीं ‘जेएसपी’ आली. तिच्यांत उलट, पानाच्या मजकुरांतच जावाचीं वाक्यें पेरतां येऊं लागलीं. पेरणी इतकी दाट झाली कीं, हिशेब, डेटाबेसशीं चाललेली विचारपूस आणि पानाची सजावट हीं सारीं एकाच कागदावर गुंतून पडलीं. त्यांतच भर अशी कीं, जेएसपीचें पान चालण्यापूर्वीं यंत्र त्याचें सर्व्हलेटमध्यें रूपांतर करी. म्हणून चुकीची वर्दी येई ती रूपांतर झालेल्या मजकुरांतील ओळीची. मनुष्यानें लिहिलेल्या पानावर ती ओळ शोधूं जावें, तर तेथें भलतेंच कांहीं असे.

हा गुंता सोडवण्यासाठीं क्रेग मॅक्लॅनहन यांनीं २००० सालीं ‘स्ट्रट्स’ नांवाचा एक सांगाडा, म्हणजे प्रोग्रामरांच्या बोलींत फ्रेमवर्क, तयार करून अपाची या संस्थेच्या स्वाधीन केला. २००१ सालीं त्याची १.० ही आवृत्ति निघाली. स्ट्रट म्हणजे इमारतीचा टेकू. डोळ्यांत भरावयाचें नाहीं आणि भार मात्र घ्यावयाचा, हें टेकूचें काम. तेव्हां नांव अन्वर्थकच होतें. त्यामागील कल्पना जुनी होती. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनीं १९७९ च्या सुमारास अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत असें मांडलें होतें कीं, माहिती, तिचें दर्शन आणि या दोहोंमधील नियंत्रण हीं तीन कामें तीन निरनिराळ्या हातांत असावीं. स्ट्रट्समध्यें बाहेरून येणारी प्रत्येक मागणी प्रथम एकाच कारभाऱ्यापाशीं जाई. तो एका यादींत पाहून ती योग्य त्या भागाकडे पाठवी. आणि उत्तर तयार झालें म्हणजे तें पानावर मांडण्याचें काम तिसऱ्याकडे जाई.

सोय मोठी झाली, आणि तिची किंमतही द्यावी लागली. त्या यादींत एक अक्षर चुकलें तर तें प्रोग्राम बांधतांना कळत नसे. गिऱ्हाईक दाराशीं आल्यावर कळे. शिवाय वर्दीची साखळी लांबली. पूर्वीं तिच्यांतील बहुतेक नांवें ओळखीचीं असत. आतां शंभर ओळींच्या साखळींत आपल्या हातच्या दोन-चार. बाकीच्या सांगाड्याच्या, सर्व्हरच्या आणि जावाच्या. म्हणून ती साखळी वाचणें हीच एक विद्या होऊन बसली. अनुभवी मनुष्य वरची ओळ पाहून घाबरत नाहीं. ‘अमक्या कारणानें’ अशा अर्थाचे शब्द साखळींत जेथें सर्वांत शेवटीं आले असतील तेथें तो प्रथम जातो, कारण मूळ दुखणें बहुधा तेथें असतें. मग त्या तुकड्यांत वरून खालीं येतांना आपल्या हातची पहिली ओळ कोणती लागते तें पाहतो, आणि तेथून तपासाला आरंभ करतो. चांगला वैद्य ताप मोजून थांबत नाहीं, तापाचें कारण शोधतो; या विद्येचें मर्म तेंच आहे.

ऑक्टोबर २००२ मध्यें रॉड जॉन्सन यांचें जावावरील एक पुस्तक प्रसिद्ध झालें. मोठ्या व्यवहारांसाठीं जी अवजड पद्धति त्या वेळीं रूढ होती तिच्यावर त्यांत टीका होती, आणि टीकेच्या जोडीला सुमारें ३०,००० ओळींचा चालता प्रोग्रामही होता. त्यांतूनच ‘स्प्रिंग’ हा सांगाडा उदयास आला. मार्च २००४ मध्यें त्याची १.० आवृत्ति निघाली. जुन्या पद्धतीच्या हिवाळ्यानंतरचा वसंत, असा त्या नांवाचा आशय. स्प्रिंगचें सांगणें असें कीं, प्रोग्रामच्या कोणत्याही भागानें आपल्याला लागणारें साहित्य स्वतः शोधीत फिरूं नये. तें त्याच्या हातांत आणून द्यावें. यामुळें एखादा भाग सुटा काढून, बनावट साहित्य त्याच्या हातीं देऊन, एकटा तपासतां येऊं लागला. बिघाड शोधणाराला हें मोठेंच वरदान ठरलें.

याच सुमारास आणखी एक साधन रूढ झालें. त्याचें नांव ‘मेव्हन’. आपल्याला दुसऱ्यांनीं तयार केलेली जी सामग्री हवी असेल ती यादींत लिहावी, म्हणजे हें साधन ती इंटरनेटवरून आणून देतें. २००५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तें त्या सामग्रीला लागणारी सामग्रीही, आणि तिला लागणारीही, न सांगतां आणूं लागलें. लग्नाला एका पाहुण्यास बोलवावें, आणि त्याच्याबरोबर त्याचे व्याही व व्याह्यांचेही व्याही येऊन मांडवांत बसावे, तसें झालें. कामें झपाट्यानें होऊं लागलीं. परंतु आपल्या मांडवांत कोण कोण बसलें आहे हें यजमानाला सांगतां येईना. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां पहिल्या अनर्थाकडे वळूं. स्ट्रट्सच्या मागोमाग ‘वेबवर्क’ नांवाचा दुसरा एक सांगाडा पुढें आला होता. त्या दोघांचें एकीकरण होऊन २००६-०७ मध्यें ‘स्ट्रट्स २’ तयार झाला, आणि वेबवर्कबरोबर ‘ओजीएनएल’ ही एक लहानशी भाषा घरांत आली. ‘ग्राहक, पत्ता, शहर’ एवढें तिला सांगितलें कीं ती ग्राहकाच्या नोंदींत शिरे, तेथून पत्त्यांत जाई, आणि ‘सातारा’ असें उत्तर घेऊन येई. पानावरील रकान्यांत ग्राहकानें भरलेली माहितीही ती आपण होऊन योग्य जागीं नेऊन ठेवी. प्रोग्रामरचें कितीतरी लिखाण वांचलें. परंतु ही भाषा केवळ वाचणारी नव्हती. सांगितलेलें काम करून मोकळी होणारी होती, आणि सांगेल त्याचें ऐकणारी होती. असा आज्ञाधारक नोकर घरांत असला म्हणजे त्याच्या कानीं कोणाकोणाचे शब्द पडतात याची खबरदारी घ्यावी लागते. बाहेरच्या मनुष्याचे शब्द त्याच्या कानीं पडूं शकतात हें जुलै २०१३ मध्यें एका दोषावरून उघड झालें. तो दोष दुरुस्त करण्यांत आला. तशा दुरुस्त्या पुढेंही होत राहिल्या. नोकराचा स्वभाव तोच राहिला.

मार्च २०१७ मध्यें जो दोष बाहेर आला त्याचा प्रकार असा. वेब-प्रोग्रामकडे फाइल पाठवतांना ब्राउझर जणूं लखोट्यावर एक शेरा लिहितो कीं, आंत अमुक जातीचा मजकूर आहे. हा शेरा अर्थहीन असला तर स्ट्रट्स २ चुकीची वर्दी तयार करी, आणि वर्दी स्पष्ट असावी या सद्धेतूनें तो न समजलेला शेराच तिच्यांत उतरून घेई. येथवर सर्व ठीक होतें. परंतु हीं वाक्यें निरनिराळ्या देशभाषांत देतां यावीं म्हणून तीं ज्या विभागांतून जात, तो विभाग वाक्यांत ओजीएनएलचा मजकूर आढळल्यास त्याचा अर्थ लावून तो अमलांत आणी. म्हणजे चोरानें लखोट्यावर शेऱ्याच्या जागीं हुकूम लिहावा. ‘हा शेरा समजत नाहीं’ असें कळविण्याकरितां कारकुनानें तो मोठ्यानें वाचावा. आणि आंतल्या नोकरानें तो ऐकून तिजोरी उघडावी! नारायणराव पेशव्यांच्या वधाच्या कथेंत ‘ध’ चा ‘मा’ झाला असें सांगतात. तेथें मूळ कागद निदान हुकुमाचा होता, त्यांतील अक्षर बदललें. येथें हुकूम मुळीं नव्हताच; नाकारलेल्या अर्जाचाच हुकूम झाला.

दोष प्रसिद्ध झाला तेव्हां दुरुस्त आवृत्त्याही तयार होत्या. तरीही अनर्थ झाला, तो इक्विफॅक्स या कंपनीच्या घरीं. अमेरिकेंतील अटलांटा शहरांत १८९९ सालीं निराळ्या नांवानें सुरू झालेली ही जुनी पेढी. लोकांच्या पतीची माहिती जमविणें आणि सावकारांना ती विकणें हा तिचा धंदा. ८ मार्च २०१७ रोजीं सरकारी खात्याकडून तिला इशारा मिळाला. ९ मार्च रोजीं कंपनीच्या आंत ४०० हून अधिक माणसांना सूचना गेली कीं, ४८ तासांत दुरुस्ती करावी. पुढें दोषी आवृत्ति कोठें आहे याचा यांत्रिक शोधही झाला, आणि कांहींच सांपडलें नाहीं. परंतु ती होती. पतीच्या नोंदीबद्दल तक्रार करण्यासाठीं लोकांकरितां जी खिडकी उघडली होती, आणि जिच्या मागें १९७० च्या दशकांत उभारलेली एक जुनी व्यवस्था होती, त्या खिडकींतच ती बसली होती.

१३ मे रोजीं चोर आंत शिरले आणि ७६ दिवस आंत राहिले. त्यांना संकेतशब्दांची एक उघडी फाइल मिळाली. तिच्या आधारें ते ४८ निरनिराळ्या डेटाबेसपर्यंत पोंचले, आणि सुमारें ९,००० वेळां त्यांनीं तेथें विचारपूस केली. पहारा नव्हता असें नाहीं. येणारा-जाणारा मजकूर तपासणारें एक यंत्र दारावर होतें. परंतु त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीं संपली असल्यानें बंद लखोटे उघडून पाहणें त्याला शक्य नव्हतें. आपण आंधळे झालों आहों हें त्यानें कोणालाही कळेल अशा रीतीनें सांगितलें नाहीं. सर्वांना मुकाट्यानें वाट देत तें उभें राहिलें. २९ जुलै रोजीं प्रमाणपत्र नवें करण्यांत आलें, आणि त्याच दिवशीं संशयास्पद हालचाल दिसली. दुसऱ्या दिवशीं ती खिडकी बंद झाली. ७ सप्टेंबर रोजीं ही वार्ता जगाला कळली. सुमारें १४ कोटी ७० लक्ष माणसांची माहिती, म्हणजे नांवें, जन्मतारखा, पत्ते आणि अमेरिकेंत अनेक व्यवहारांत मागितला जाणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक, चोरीस गेली होती. यांतील असंख्य लोक त्या कंपनीच्या दारीं कधींही गेले नव्हते. त्यांची माहिती परस्परच तेथें पोंचली होती. कुलूप बदलतां येतें, जन्मतारीख बदलतां येत नाहीं. २०१९ सालीं कंपनीनें ७० कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचें कबूल केलें, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें अमेरिकेच्या न्यायखात्यानें चिनी सैन्यांतील चौघांवर या चोरीचा आरोप ठेवला.

दुसरा अनर्थ याहून व्यापक. प्रोग्राम चालत असतां त्यानें काय काय केलें याची नोंद ठेवण्याची चाल फार जुनी आहे. आपल्याकडे दरबारांत व पेढ्यांवर रोजकीर्द लिहीत, तशीच ही वही. बिघाड शोधणाराला साखळीच्या खालोखाल हिचाच आधार. जावांत ही वही लिहिण्यासाठीं ‘लॉग-फॉर-जे’ हें साधन १९९० च्या दशकाच्या अखेरीस चेकी ग्युल्जू यांच्या प्रयत्नांतून निघालें, आणि २०१४ सालीं त्याची नव्यानें रचलेली दुसरी आवृत्ति पूर्ण झाली. या दुसऱ्या आवृत्तींत २०१३ मध्येंच एक सोय घालण्यांत आली होती. वहींत उतरावयाच्या मजकुरांत एक विशिष्ट खूण आढळली तर त्या खुणेंत सांगितलेल्या सर्व्हरकडून माहिती आणून ती त्या जागीं भरावी. वही सुबोध व्हावी एवढाच हेतु. परंतु वहींत पुष्कळसा मजकूर परक्यांचाच असतो: कोणीं कोणतें नांव सांगितलें, कोणीं काय शोधलें. परक्यानें तीच खूण लिहिली तर? तर वही त्यानें सांगितलेल्या सर्व्हरकडे जाई, आणि तेथून मिळालेला प्रोग्राम घरांत आणून चालवी.

अलिबाबा या चिनी कंपनीच्या सुरक्षा-विभागाकडून २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं अपाची संस्थेला हें कळविण्यांत आलें, आणि १० डिसेंबर, शुक्रवारपर्यंत सर्व जगाला ठाऊक झालें. दोषांचें गांभीर्य १० गुणांत मोजतात. याला १० पैकीं १० मिळाले. ‘माइनक्राफ्ट’ या मुलांच्या आवडत्या खेळांत गप्पांच्या चौकटींत एक ओळ टाइप केली कीं खेळाच्या सर्व्हरवर परक्याचा ताबा बसूं शके. हें साधन सांभाळणारीं माणसें बहुतेक आपली नोकरी करून उरल्या वेळांत विनामूल्य काम करणारीं होतीं. त्यांनीं डिसेंबर संपण्यापूर्वीं लागोपाठ चार दुरुस्त आवृत्त्या काढल्या. परंतु ज्यांच्या घरांत हें साधन होतें त्यांच्यापुढील पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. तें आपल्या घरांत आहे कीं नाहीं, हेंच त्यांना ठाऊक नव्हतें. कारण पुष्कळांनीं त्याला बोलावलेंच नव्हतें. तें व्याह्यांच्या व्याह्यांबरोबर मांडवांत येऊन बसलें होतें. अमेरिकन सरकारनें नेमलेल्या मंडळानें जुलै २०२२ मधील आपल्या अहवालांत म्हटलें कीं, हा दोष कोठें ना कोठें दहा वर्षें, कदाचित् अधिकही, आढळत राहील.

या दोन कथांत खलपुरुष शोधूं जावें तर चोरांखेरीज दुसरा कोणी दिसत नाहीं. वर्दी स्पष्ट असावी असें वाटणारानें चूक काय केली? वही सुबोध असावी असें म्हणणारानें तरी काय केली? दोघांचीही दृष्टि बिघाड शोधणाऱ्या माणसाकडे होती, आणि ती योग्यच होती. एक भेद मात्र त्यांच्या हातून सुटला. मनुष्य मनुष्याचें बोलणें दुसऱ्याला सांगतो तेव्हां ‘तो म्हणाला’ हे दोन शब्द मध्यें असतात, आणि त्या दोन शब्दांमुळें बोलणें बोलणेंच राहतें, आज्ञा होत नाहीं. यंत्राला हे दोन शब्द प्रत्येक वेळीं मुद्दाम शिकवावे लागतात. म्हणून जाणते लोक आतां तीन गोष्टी पाळतात. परक्याचा मजकूर वर्दींत वा वहींत उतरतांना तो केवळ अक्षरें म्हणून उतरावा. बाहेरच्या माणसाला ‘काम झालें नाहीं’ एवढेंच सांगावें, आणि साखळी आपल्या घरच्या वहींत ठेवावी. आणि आपल्या प्रोग्रामांत कोणाकोणाची सामग्री आली आहे याची यादी, बोलावलेल्यांची व न बोलावलेल्यांची, नेहमीं तयार असावी.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा मुलगा, मुलगी किंवा सून असेल, कीं जिचें काम पुण्याच्या हिंजवडींत अथवा मुंबईच्या एखाद्या कचेरींत असल्याच प्रोग्रामांवर चालतें, आणि जिला रात्रीं-अपरात्रीं फोन येतो. ती संगणकापुढें तासन् तास बसून एक लांबलचक, किचकट यादी वाचीत असेल, आणि घरांतल्यांना वाटत असेल कीं हिनें आज कांहींच केलें नाहीं. ती कदाचित् ती साखळीच वाचीत असेल, तिच्यांतील आपल्या हातची पहिली ओळ शोधीत असेल. कोण्या अनोळखी कुटुंबाचे पैसे, पत्ता आणि जन्मतारीख त्या ओळीवर अवलंबून असूं शकतात. जेवण थोडें उशिरा झालें तरी चालेल; तिला ती वाचूं द्यावी.